पिवळी हद्द

७ मार्च

ही डायरी यांनी बाजारातून आणून दिली. म्हणाले, "जे लोकांच्या तोंडावर फेकतेस ते आधी यात फेक. गाळून उरेल तेवढंच बाहेर बोल." आमचे हे महिन्यातून चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक असं असतं.

ठीक आहे. फेकते.

आज प्रकल्पाच्या साहेबांनी आमच्या शेडमध्ये बैठक घेतली. आमची शेड म्हणजे वेतकामाची. इथे आम्ही वेत सोलतो, मोठ्या काहिलीत तेलात उकळतो, सुकवतो आणि त्याच्या खुर्च्या, टोपल्या, पाळणे विणतो. साहेबांना बसायला आमचीच नवी खुर्ची दिली होती. तिच्यावर आरामात रेलून ते म्हणाले, "तुमच्या वेताच्या उताराला आता विश्रांती द्यायला हवी."

मी म्हटलं, "का, उतार काय बाळंतीण आहे?"

सगळे हसले. साहेबही हसले, आणि मी जणू बोललेच नाही अशा थाटात पुढच्या वाक्याकडे गेले. मला संताप आला तो याचाच. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या उतारावर एके काळी वेत नावालाही उरला नव्हता. जो येई तो कोवळा-जून न बघता ओरबाडून नेई. मग आम्ही एकत्र बसलो. उताराचे तीन भाग केले. वर्षाला एकाच भागात कोयता लावायचा, बेटातला जून झालेला वेत तेवढाच काढायचा, आणि काहिलीखाली रानातलं उभं झाड जाळायचं नाही. हे ठरवताना भावाभावांचं बोलणं बंद झालं होतं. भोंगा कोवळा वेत तोडताना सापडला, तर त्याला आम्ही अख्खा हंगाम शेडबाहेर ठेवलं. (भोंगा म्हणजे आमचा तोडणीचा पुढारी. त्याने घरात बायकोला हाक मारली की नदीपलीकडची बाई 'ओ' देते.) आता नियमाचा कडक तोच सगळ्यांत जास्त आहे.

वेत परत आला. मोठी झाडं राहिली म्हणून त्यांच्या ढोलीत धनेश पक्षी परत आला. पक्षी आला म्हणून त्याला राखायचा हा प्रकल्प आला. आणि आता प्रकल्प म्हणतोय, पक्ष्यासाठी तुम्ही व्हा बाजूला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त या नागोबाकडे जीप आहे.

आणि साहेबांच्या उजव्या हाताला, प्रकल्पाचं जाकीट घालून, माझी धाकटी बहीण उभी होती. आई गेली तेव्हा ही चुलीपर्यंत पोचतही नव्हती. मी वाढवली, मी शिकवली. पूर्ण बैठकीत तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

१६ मार्च

धाकटी आली होती. रविवारी येते, जेवते, भांडी घासते, जाते. ती रस्त्यालगतच्या प्रकल्पाच्या खोल्यांत राहते.

तिच्या नखांत पिवळा रंग होता. जाकिटाच्या बाहीवर शिंतोडे. मी म्हटलं, "ऑफिसच्या भिंतीही तुझ्याकडूनच रंगवून घेतात का? एवढी शिकलीस ती याच्यासाठी?"

ती म्हणाली, "ताई, एक ऐकशील? महिनाअखेरीपर्यंत उतारावर जाऊ नका. वरच्या झाडांवर काही दिसलं तर दिसू दे. हात लावू नका."

"हा साहेबांचा हुकूम आहे का?"

"माझं सांगणं आहे."

"तुझं आणि साहेबांचं वेगळं कधीपासून झालं?"

तिने यांच्याकडे बघितलं. यांनी मान खाली घालून वेताची पट्टी तासायला सुरुवात केली. तिने भांडी घासली आणि गेली. निघताना नेहमी माझ्या खांद्याला हात लावते. आज लावला नाही.

नाही तर नाही.

२० मार्च

साहेब शहरातल्या पाहुण्यांना घेऊन शेड दाखवायला आले. आम्हाला दाखवून म्हणाले, "हा आमचा समुदाय."

समुदाय! मी विणता विणता आजूबाजूला बघितलं. एकीचा नवरा दारू पितो, दुसरी सासूशी बोलत नाही, भोंगा उधारीवर जगाशी भांडतो. माणसं आहोत आम्ही. समुदाय मुंग्यांचा असतो. आणि 'आमचा' म्हणजे कुणाचा?

पाहुण्या बाईंनी विचारलं, "इथे बसून असं काम करताना किती शांत वाटत असेल ना?"

मी वेताचा काटा बोटातून उपटत होते. हो म्हटलं.

२४ मार्च

भोंगा धावत आला. इतका धापा टाकत होता की त्याचाही आवाज फुटेना.

वरच्या झाडांवर पिवळे पट्टे आहेत! बुंध्याभोवती, छातीच्या उंचीला, गोल. एका झाडावर नाही, ओळीने. मी आणि दोघी-तिघी चढून बघून आलो. रंग चांगला जाड लावलाय.

हा लाकडाचा व्यापारी. दुसरं कोण? मागे पलीकडच्या डोंगरावर त्याने असेच पट्टे मारले आणि पुढच्या हंगामात तिथे खुंट उरले. पट्टा म्हणजे झाडाला फाशीची शिक्षा सुनावलेली. आणि आमच्याच वरच्या अंगाला, जिथे धनेशाची ढोली आहे, तिथे! ढोलीत मादी स्वतःला कोंडून अंड्यांवर बसलीये, नर बिचारा चोचीत फळं आणून भरवतोय. त्या झाडालाही पट्टा.

प्रकल्प काय करतोय? पाहुण्यांना खुर्च्या दाखवतोय.

२५ मार्च

आज मन भरून राग काढला आणि बरं वाटतंय.

शेड बंद ठेवली. सगळ्या बाया, भोंगा आणि त्याचे तोडणीवाले, वेत सोलायच्या सुऱ्या घेऊन वर गेलो आणि एकेका झाडाचा पट्टा खरवडून काढला. सालीला फार दुखापत होणार नाही इतपत. जळवा चिकटल्या, हात पिवळे झाले, कुणी कुरकुरलं नाही. भोंगा प्रत्येक झाडाखाली व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत होता.

एक मात्र कळलं नाही. पट्ट्यांची ओळ माथ्याच्या अंगाने येते, मोठ्या कातळापाशी एकदम वळसा घालून मागे जाते आणि आमचा वेताचा उतार पूर्ण बाहेर सोडते. सरळ खाली ओढ्यापर्यंत आली असती तर त्याला जास्त झाडं मिळाली असती. व्यापारी मूर्ख असावा, किंवा रंगवणारा दारू प्यायलेला.

हे आले नाहीत. सकाळी कंबर धरून म्हणाले, "दोन दिवस थांब. आधी धाकटीला विचारू."

"तिला? साहेबांच्या सावलीला विचारू?"

"तिला विचार," पुन्हा एवढंच. माणसाला वाचा दिली आहे ती कशाला, हे यांना कुणीतरी समजावलं पाहिजे.

२८ मार्च

व्यापारी नव्हता. प्रकल्प होता.

आज साहेब स्वतः, बुटांत पँट खोचून, नवी माणसं घेऊन आले आणि ओढ्याच्या काठाने पट्टे मारले. ओढ्याच्या काठाने! म्हणजे उतार, बेटं, पायवाट, सगळं आत आणि आम्ही बाहेर. वरच्या कचेरीतल्या बाई तपासणीला येणार आहेत. त्या झाडांवरची ओळ चालून बघणार, आणि ती हद्द पक्की होणार. आतलं पान तोडलं तरी गुन्हा.

मी तशीच प्रकल्पाच्या ऑफिसात गेले. हात काहिलीच्या तेलाने माखलेले. धाकटी टेबलापाशी होती. सगळ्यांसमोर म्हटलं, "रंग तूच लावत होतीस. नखांत होता तुझ्या. मी तुला हाताने भरवलं, आणि तू आमच्याच दाराला बाहेरून कडी घातलीस. घरभेदी आहेस तू."

आणखीही बोलले. ते इथे लिहीत नाही.

ती उठलीही नाही. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. एवढंच विचारलं, "वरचे पट्टे तुम्ही खरवडले?"

"हो! आम्हीच! आणि खालचेही खरवडू!"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, बरं झालं, लाज वाटली. मी दार आपटून आले.

३० मार्च

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

धाकटी सकाळी आली, कपड्यांची पिशवी घेऊन. साहेबांनी तिला कामावरून काढलं. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"साहेबांनी मला सांगितलं होतं, ओढ्याकाठाने पट्टे मार. मी मारले नाहीत. माथ्यावरून नेले, कातळाला वळसा दिला, तुमचा उतार बाहेर ठेवला. साहेब वर चढत नाहीत, जळवांना घाबरतात. तपासणीच्या बाई आल्या असत्या, झाडांवर जी ओळ दिसली तीच पक्की झाली असती. पक्ष्याला झाड मिळालं असतं, तुम्हाला वेत. चार दिवस, ताई. चार दिवस तुला हात आवरता आले नाहीत?"

मी म्हटलं, "मग मला सांगायचं नाही?"

तेव्हा ती फुटली. माझी धाकटी, जिचा आवाज पातेल्याच्या झाकणाखाली राहावा इतका, ती अशी ओरडली की शेडमधल्या बाया बाहेर आल्या.

"तुला सांगू? तुला सांगितलं असतं तर तू साहेबांच्या तोंडावर जाऊन हसली असतीस! तुला काही पोटात ठेवता येतं? आणि मी सांगितलंच होतं की. हात लावू नका म्हटलं होतं. तू ऐकलंस का? तू माझं कधी ऐकतेस? मी अजून चुलीला न पोचणारी आहे तुझ्यासाठी! पट्टे खरवडल्याचं कळलं म्हणून साहेब वर चढले. खरवडलेल्या खुणा कातळामागे जाताना दिसल्या, आणि त्यांना सगळं समजलं. माझी नोकरी गेली ती गेली. तुमचा उतार तू घालवलास. स्वतःच्या हाताने खरवडलास."

"मला वाढवलंस म्हणून विकत घेतलंस का गं?" हे शेवटचं हळू बोलली. आणि गेली. भोंग्याच्या घरी राहते आहे, असं कळलं. माझ्या नाही.

यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "रंगाचा डबा घेऊन चढताना बघितलं होतं. विचारलं नाही. ती वाईट करणार नाही एवढं माहीत होतं."

एवढं यांना माहीत होतं. मला नव्हतं.

१ एप्रिल

साहेबांचा राग येतो. यांचा येतो, गप्प राहिले म्हणून. धाकटीचा येतो, खरं बोलली म्हणून. आज काहिलीतला वेत जास्त उकळला, तडकला, फेकून द्यावा लागला. त्याचाही आला. माझ्याकडे वळलेला राग कुठे ठेवायचा ते कळत नाही म्हणून सगळ्यांना वाटत सुटले आहे.

दोनदा भोंग्याच्या घरापर्यंत गेले. दोनदा परत आले. भांडायला शब्द आपोआप येतात. हे दुसरं मला कुणी शिकवलंच नाही.

६ एप्रिल

महिनाअखेरीची तपासणी पुढे ढकलली होती, ती आज झाली.

भोंगा म्हणाला होता, खालचेही पट्टे खरवडू. मी नको म्हटलं. भोंगा माझ्याकडे असा बघत राहिला की जणू माझ्या अंगात दुसरंच कुणी आलंय. मी म्हटलं, "एकदा खरवडून बघितलं ना. आता काही लपवायचं नाही आणि काही पुसायचं नाही. उजेडात कामाला जायचं."

या वर्षी मधल्या भागाची पाळी आहे. आम्ही सगळे पिवळी ओळ ओलांडून तिथे गेलो आणि रोजच्यासारखी तोडणी सुरू केली. वरच्या कचेरीतल्या बाई साहेबांबरोबर ओढ्याकाठाने आल्या. उंच, करड्या केसांच्या, पायांत साध्या चपला. साहेब ओरडले, "बाहेर या! हद्दीच्या बाहेर या!"

भोंगा काही म्हणणार, त्याला मी कोपर मारलं.

बाई बेटापाशी आल्या. "तुम्ही काय करताय?"

मी म्हटलं, "जे दर वर्षी करतो ते. कोवळा वेत राहू देतो, जून नेतो. तो भाग मागच्या वर्षीचा, तो पुढच्या वर्षीचा. आम्हाला पकडायचं असेल तर पकडा. पण आधी ही मोळी खाली न्यायला हात लावा, अर्धवट टाकलेला वेत कुजतो."

बाईंनी मोळीला हात लावला नाही. पण चालत गेल्या, एकट्या, तिन्ही भाग बघत. फार वेळ लावला. साहेब घाम पुसत होते. परत आल्यावर बाई म्हणाल्या, "वर कातळामागच्या झाडांवर खरवडलेलं आहे. ते काय?"

साहेब म्हणाले, "एका कर्मचारी मुलीने चुकीची रेघ मारली होती. तिला काढलं."

"चुकीची नव्हती," मी म्हटलं. आवाज चढला, चढू दिला. "माझ्या बहिणीने मारली होती आणि बरोबर मारली होती. पक्ष्याची झाडं आत, आमचा वेत बाहेर. ती आम्ही पुसली. मी पुसली, न विचारता. तिच्यावर खापर फोडू नका, ते माझ्या डोक्यावर फोडा."

मागे वळून बघितलं. धाकटी भोंग्याच्या बायकोजवळ उभी होती. केव्हा चढून आली माहीत नाही. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

बाईंनी तेव्हा काही सांगितलं नाही. कळवतो म्हणाल्या. मोठी माणसं नेहमी कळवतात.

१४ एप्रिल

कळवलं. शेडमध्येच बैठक. बाई आल्या होत्या, साहेबही. साहेबांनी वाचून दाखवलं, आणि वाचताना असे प्रसन्न की जणू स्वतःच्या खिशातून देताहेत: उतार हद्दीच्या आतच राहील, पण आम्हाला एका वर्षासाठी वेत तोडायची परवानगी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा. वागणूक चांगली असेल तर विचार होईल.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! भोंग्याने तर शिट्टी वाजवली. सुटलो, असं सगळ्यांच्या तोंडावर.

वागणूक चांगली असेल तर. हे ऐकलं आणि माझ्या कानशिलात आग झाली. मी उठले. तोंड उघडलं.

पण पलीकडून धाकटी आधीच उठली होती.

"टाळ्या थांबवा," ती म्हणाली. ओरडली नाही. टाळ्या थांबल्या. "परवानगी कुणी कुणाला दिली? या उतारावर जेव्हा एक बेट धड नव्हतं, तेव्हा तोडू नका म्हणून सांगायला कोण आलं होतं? कुणी नाही. ही माणसं आपापसांत भांडली, एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली, तेव्हा हा वेत उभा राहिला. आता पाहुणा घरात शिरून घरमालकाला सांगतो, वर्षभर राहा, नीट वागलात तर पुढचं बघू."

साहेब म्हणाले, "तू आता आमची कर्मचारी नाहीस."

"नाही, म्हणूनच बोलता येतंय. तुमच्याकडे असताना मी 'सहभाग' हा शब्द रोज लिहायची. टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना आधी सांगून ठेवायचं, याला तुम्ही सहभाग म्हणता." मग ती बाईंकडे वळली. "हद्द हवी ना, बाई? आम्हालाही हवी. लाकडाचा व्यापारी आम्हाला तुमच्यापेक्षा जवळ आहे. पण ओळ आखताना आमच्याबरोबर चाला. सगळे चालू. जिथे जमणार नाही तिथे थांबून भांडू. पण ती होईपर्यंत आम्ही परवानगी घेणार नाही. कारण आज ती घेतली, की उतार आमचा नव्हता हे आम्ही कबूल केलं."

मी उभीच होते. उघडलेलं तोंड तसंच होतं. मला जे सांगायचं होतं त्यात शिव्या जास्त होत्या आणि अक्कल कमी. यांनी माझा पदर मागून हलकेच ओढला.

मी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं संपेपर्यंत बसले.

भोंग्याने मला विचारलं, "मग काय करायचं? घ्यायची का नाही परवानगी?"

मी म्हटलं, "तिला विचार."

१७ एप्रिल

परवानगी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीच वर गेलो. कुणी अडवलं नाही. साहेबांची जीप पुलापाशी उभी होती, हललीसुद्धा नाही. वरच्या बाईंनी निरोप पाठवलाय की पाऊस संपल्यावर त्या स्वतः येतील आणि ओळ सगळ्यांनी मिळून चालायची. तोवर कुणी रंग लावायचा नाही, कुणी खरवडायचा नाही. जिंकलो असं मी म्हणणार नाही. पाऊस संपेपर्यंत साहेबांना आणखी एखादी युक्ती सुचेल, आणि बाईंची बदली होऊ शकते. माझा राग मला लागणार आहे, तो मी जपून ठेवला आहे.

धाकटीही तोडणीला आली. तिला जमत नाही. वेतावरची काटेरी खोळ उलट बाजूने ओढते. हात रक्ताळले होते. मी जवळ जाऊन वेताचं टोक धरलं. दोघी मिळून ओढायला लागलो.

मग मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती वर न बघता म्हणाली, "काय?"

"चुकलं म्हटलं."

"ऑफिसात सगळ्यांसमोर घरभेदी म्हणालीस तेव्हा आवाज बरा होता तुझा."

मी तिच्याकडे बघितलं. ती खोळ ओढत होती, ओठ घट्ट मिटलेले. थट्टा नव्हती ती. हिशेब होता, आणि रास्त होता.

म्हणून मी कोयता खाली ठेवला, सरळ उभी राहिले आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला. खाली बेटांत सगळे वाकून काम करत होते. मी ओरडले, भोंगाही दचकेल अशी ओरडले, "माझी धाकटी खरी होती! चुकलं माझं!"

वरच्या झाडांतून धनेशाचा नर फडफडत उडाला. खालून भोंग्याचा आवाज आला, "काऽऽय झालं?"

धाकटी माझ्याकडे बघत म्हणाली, "त्याला ऐकू गेलं नाही. परत सांग."

मी परत सांगितलं.